भावोजींचा मध्यस्थ

बाटली स्वतःची असो की दुसऱ्याची, आमच्या भावोजींना ती हलवल्याशिवाय राहवत नसे. कुणाकडे चहाला गेले की त्या घरातली औषधाची बाटली थोड्याच वेळात त्यांच्या हातात असायची. आधी ती उजेडाकडे धरायची, मग मनगटातून दोन हिसके, मग पुन्हा उजेड. यजमान बोलत असायचे आणि भावोजी मान डोलावत आतल्या बुडबुड्यांकडे बघत असायचे.

एकदा त्यांचे एक चुलते अगदी जायला टेकले होते. घरातल्यांनी काशीहून आणलेल्या गंगाजलाची बाटली काढली. ती हातोहात भावोजींपर्यंत आली आणि पुढे सरकेना. बघतात तर भावोजी ती घेऊन खिडकीपाशी उभे. "खाली साका बसलाय," ते म्हणाले, "हलवून द्या." चुलत्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "वामन इलो काय रे?" त्यानंतर ते चुलते उठून बसले आणि पुढे बरेच दिवस जगले. त्याचं श्रेय भावोजींनी कधी घेतलं नाही, पण कुणी दिलं तर नाकारतही नसत.

भावोजी म्हणजे वामन परब, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडील गिरणीत, गाव मालवणजवळ, आणि बिऱ्हाड मुलुंड पूर्वेला सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर. मला इकडे कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा खोली मिळेपर्यंत म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आलो. खोली मी कधी शोधली नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. भावोजी गेल्या श्रावणात गेले. हे मी सावकाश लिहितो आहे. चार ओळी झाल्या की उठावंसं वाटतं, खिडकीपर्यंत जाऊन यावंसं वाटतं. ही सवय माझी नव्हे, त्यांची.

कारण त्यांना बसता येत नसे. चहा फिरत फिरत प्यायचे. पेपर उभ्याने वाचायचे, आणि पान उलटायच्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असायचे. सिनेमाला गेले तर मध्यंतरानंतर मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. ताई म्हणायची, "लग्नात सप्तपदीला फार खूश होते हे. म्हणाले, एवढाच विधी जमला."

भांडुपच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. भिंतीला लावायचा पातळ रंग डब्यात एकजीव राहतो की तेल वर आणि पाणी खाली असा फाटतो, ते बघायचं. हेच काम त्यांनी इतकी वर्षं केलं की जगात त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं.

"तेल हे एक घर, पाणी हे दुसरं घर," ते मला सांगत. "दोन्ही घरं चांगली. पण एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. तू कितीही घुसळ, पाठ फिरवलीस की एक वर, एक खाली. मग काय पाहिजे?"

"मध्यस्थ," मी म्हणायचो. पहिल्या आठवड्यातच मला उत्तर पाठ झालं होतं.

"मध्यस्थ. ज्याचा एक हात ह्या घरात, एक हात त्या घरात. तो भेटला की झालं. संसार टिकला."

कारखान्यात अशा पदार्थाला इमल्सिफायर म्हणत. भावोजींना तो शब्द कोरडा वाटे. मध्यस्थावर त्यांची एवढी श्रद्धा की सोसायटीत पाण्याच्या वेळेवरून तळमजल्यावरचे म्हात्रे आणि चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी यांचं वाजलं, तेव्हा भावोजींनी दोघांना घरी चहाला बोलावलं, एका खाटेवर बसवलं आणि मध्ये स्वतः बसले. बसले म्हणजे टेकले, उठले, पुन्हा टेकले. तासाभराने दोघेही बाहेर पडले ते एका गोष्टीवर ठाम होऊन, की परबांना कमिटीवरून काढलं पाहिजे.

"बघितलंस?" भावोजी मला म्हणाले. "एक झाले ना?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका वर्षी पावसाळा संपता संपता ताईचे हात फुटले.

ताई एका प्रसूतिगृहात नर्स. बाळंतिणींच्या वॉर्डमध्ये. दर वेळी बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर जंतुनाशकाच्या पाण्यात हात बुडवायचे, घासायचे, पुसायचे. वर्षानुवर्षं चाललेलं. आता नखांजवळ, बोटांच्या बेचक्यांत, तळहातावर भेगा पडायला लागल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, "हे पाण्यातलं काम सोडा." ताईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

तिला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. पण ती घरी आली की जेवताना आज कोण कोण जन्माला आलं ते सांगायची. "आज एक आला, कपाळावर आठी घेऊनच. जन्मतः हेडमास्तर." किंवा, "एवढीशी पोरगी, पण अख्खा मजला उठवला. राजकारणात जाणार." भावोजी तेवढ्यापुरते फिरायचे थांबत. दाराच्या चौकटीला टेकून ऐकत.

एके दिवशी तिने काहीच सांगितलं नाही. आम्हाला वाढलं आणि स्वतः भात चिवडत राहिली. भावोजींनी दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "एका मुलीला पुसून दुपट्यात गुंडाळत होते. बोटाची भेग गालावरून गेली तिच्या. लाल रेघ उठली."

"लहान मुलांचं लगेच भरतं," मी म्हणालो.

"भरतं," ताई म्हणाली. "तिची आई काही बोलली नाही रे. बोलली असती तर बरं झालं असतं. नुसती बघत राहिली माझ्या हातांकडे."

मेट्रनबाईंच्याही ते नजरेला आलं होतं. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं, "परब, एप्रिलला नव्या ड्यूट्या लागतात. तोवर हात सुधारले तर वॉर्ड. नाहीतर स्टोअर बघ." स्टोअर म्हणजे तळघराशेजारची चादरी मोजायची खोली. तिथे हात सुखात राहिले असते. तिथे बाळं नव्हती.

दुसऱ्या दिवशी भावोजी कारखान्यातून एक रिकामी काचेची बाटली घेऊन आले आणि ताकाची रवी मागितली.

बाजारातली क्रीमं ताईने लावून बघितली होती. ती सुगंधाने झोंबत. खोबरेल झोंबत नसे, पण तेलकट हातात बाळ निसटायची भीती. तिला पाहिजे होतं ते पाण्यासारखं पातळ, लावलं की मुरणारं, वास नसलेलं, आणि आत पुरेसं तेल असलेलं. म्हणजे तेल आणि पाणी. म्हणजे भावोजींचाच प्रांत. "एवढंच ना?" ते म्हणाले. "तिळाचं तेल घेऊ, गुलाबपाणी नको, साधं उकळलेलं पाणी घेऊ. राहिला फक्त मध्यस्थ."

त्या राहिलेल्या एका गोष्टीपायी आमच्या घराची वाट लागली.

स्थळं बघावीत तसे ते मध्यस्थ बघू लागले. पहिला आला डिंक. "घराणं चांगलं," भावोजी म्हणाले, "पण चिकट. एकदा आला की उठायचं नाव नाही." ताईची बोटं एकमेकांना चिकटली. मग मधमाशांचं मेण आणि टाकणखार. ती जोडी जाड प्रकृतीची निघाली, बाटलीतून बाहेरच येईना, सुरीने काढावी लागली. साबणाचं नाव काढलं तेव्हा भावोजी म्हणाले, "छे. तोच तर दुष्मन." मग कारखान्यातल्या एका केमिस्टने सुचवलेलं एक आम्ल आणि त्याच्या जोडीचं एक रसायन आलं. त्याने दुधासारखं पांढरंशुभ्र, एकजीव लोशन झालं. भावोजी हरखले. "शिकलेलं स्थळ आहे. रंग बघ. झकास." ताईने हातावर घेतलं, क्षणभर बघत राहिली आणि धावत मोरीत जाऊन नळाखाली हात धरला.

भावोजी चपला न घालताच खाली उतरले आणि सोसायटीला फेऱ्या मारत राहिले. मी गॅलरीतून बघत होतो. वर आल्यावर त्यांनी ती बाटली मोरीत ओतली आणि म्हणाले, "ह्यापुढे आधी दुसऱ्याच्या हातावर. मग तिच्या."

खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग लागली. ओळखू याव्यात म्हणून भावोजींनी प्रत्येकीला सोसायटीतल्या माणसाचं नाव दिलं, स्वभावाप्रमाणे. झाकण उघडलं की फाटायचं, ते सेक्रेटरी. तळाशी जाऊन बसायचं, ते म्हात्रे. समोरच्या बिऱ्हाडातल्या लेलेकाकू कडक सोवळ्याच्या. त्यांच्या नावाची बाटली सावलीत छान राहायची आणि जरा ऊन लागलं की बिघडायची. एकदा भावोजी गॅलरीत उभे राहून मला मोठ्याने सांगत होते, "लेले सकाळपासून धरून आहेत रे, पण संध्याकाळी नक्की फाटणार." लेलेकाकू त्याच वेळी त्यांच्या दारात रांगोळी घालत होत्या. ती रांगोळी अर्धीच राहिली.

घरात दोन रव्या झाल्या, एक ताकाची आणि एक भावोजींची. त्यांची अदलाबदल एकदाच झाली, पण ते ताक मी विसरलेलो नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खरा घोटाळा झाला. त्या संध्याकाळी पुरुषांनी बाहेर जायचं असतं. मी गेलो होतो. भावोजी स्वयंपाकघरात पडद्याआड थांबले, कारण त्यांना आयतेच पंधरावीस हात मिळणार होते. बायका आल्या, हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि मनगटाला अत्तर लावायच्या वेळी ताईने अत्तराऐवजी नवऱ्याने दिलेलं लोशन लावलं. त्यात काय घातलंय ते तिलाही माहीत नव्हतं. लोशन अप्रतिम जमलं होतं. मऊ, पिवळसर, लावताच मुरणारं. लेलेकाकूंनी दोन्ही हातांना चोळून घेतलं, वास घेतला आणि खूश होऊन म्हणाल्या, "शालिनी, काय गं घातलंस ह्यात?"

पडद्यामागून उत्तर आलं, "बलक."

"कसला बलक?"

"अंड्याचा," भावोजी पडद्याबाहेर डोकं काढून म्हणाले. "कोंबडीच्या. अगदी ताजा आहे. सकाळी तुमच्याच फ्रिजमध्ये ठेवला होता."

त्या काळी मजल्यावर फ्रिज एकट्या लेल्यांकडे होता. लेलेकाकूंनी डोक्यावरून अंघोळ केली, फ्रिज आतून बाहेरून धुतला आणि नैवेद्याचं दूध मोलकरणीला दिलं. ताईने भावोजींना विचारलं, "बोलायची काय गरज होती तुम्हाला?"

"त्यांनी विचारलं."

"मला विचारलं होतं."

"तुला कुठे माहीत होतं?" भावोजी म्हणाले.

त्यानंतर सोसायटीत कुणी त्यांच्यापुढे हात करेना. रस्त्यात भावोजी दिसले की बायका हात पदराखाली घेत. अंड्याचं लोशनही तसं उपयोगाचं नव्हतं. एका रात्रीत वास यायचा, आणि असा वास घेऊन ताई बाळांजवळ जाणार नव्हती. मी माझा हात देऊ केला. भावोजींनी दोनचार वेळा त्यावर काहीबाही लावलं, मला विचारलं, "झोंबतंय?" मी म्हणालो, "नाही." ते वैतागले. "तुझा हात म्हणजे कपाटातलं पुस्तक आहे, अनंता. त्याला काय होणार? बऱ्या हाताला काही कळत नाही रे."

आणि मग ते एकदम गप्प झाले. फेऱ्या चालू होत्या, बाटल्या चालू होत्या, पण बोलणं कमी झालं. हात सारखे खिशात. मध्यस्थाचा विषय मी काढला तर "बघू" म्हणायचे. सकाळी कारखान्यात जायच्या आधी मोरीत बराच वेळ पाणी वाजायचं, संध्याकाळी आल्यावर पुन्हा. ताईला एवढंच बरं वाटलं की माणूस स्वच्छ झाला. फेब्रुवारी संपत आला होता. ताई आता हाताने जेवू शकत नसे, तिखटमीठ भेगांत जाई, म्हणून चमच्याने जेवायची. भावोजींनीही चमचा घेतला. "तुला सोबत," म्हणाले.

ताईला ते आवडलं होतं. मला मात्र विचित्र वाटत होतं. मालवणचा माणूस, बांगड्याचं तिखलं समोर आलेलं, आणि तो चमच्याने काटे बाजूला करत बसलाय. बसलाय हेही विचित्रच.

त्यात एक नवीन बाटली आली. डिंक थोडा, मेण थोडं, अजून काहीतरी. ताईने लावली. भावोजींनी विचारलं, "झोंबतंय?" ताई म्हणाली, "नाही." दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हणालो, "जमलं म्हणायचं." भावोजी माझ्याकडे बघून नुसते हसले आणि खिडकीकडे गेले.

मग रविवार आला. ताईने बांगडे आणले होते. ताटं घेतली तशी ती म्हणाली, "आज मी हाताने जेवणार. दोन दिवस खूप बरं आहे. लागू पडलं तुमचं."

भावोजींनी हातातला चमचा ताटाबाहेर ठेवला. "मग मीपण."

दोघं जेवू लागली. ताईने तुकडा मोडला, तिखल्यात बुडवला, खाल्ला. "चांगलं झालंय ना?" म्हणाली.

"चांगलं झालंय," भावोजी म्हणाले.

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भावोजींच्या कपाळावर घाम आला होता. ताईने ओठ आत घेतले होते. मला वाटलं मसाला जास्त पडलाय, म्हणून मी पाणी प्यायलो आणि दोघांची भांडी भरली. पाण्याला कुणी हात लावला नाही.

थोड्या वेळाने भावोजी थांबले. "शालू, हात धू."

"का?"

"झोंबतंय तुला."

"नाही झोंबत. सांगितलं ना एकदा."

"झोंबतंय. आधी नखांपाशी सुरू होतं. मग बेचक्यात जातं. मग मनगटापर्यंत ठणकतं, आणि वाटतं हात झटकावा, पण समोर माणसं असतात."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "हे तुम्हाला कसं माहीत?"

भावोजींचा हात ताटावरून मांडीकडे चालला होता. ताईने ताटांवरून हात घालून त्यांचं मनगट धरलं आणि तळहात वर केला.

तो हात ताईचाच असावा तसा होता. नखांजवळ लाल, बेचक्यात फाटलेला, तळव्यावर भेगा, आणि भेगांत तिखल्याचा लाल रंग. मी त्या घरात रोज त्यांच्यासमोर बसत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"हळदीकुंकवानंतर."

"कशाने?"

"तुझ्याच पाण्याने. तुमच्याकडे वापरतात तीच जंतुनाशकाची बाटली आणली. मोरीत आहे, बादलीमागे."

"कशाला?"

भावोजी चाचरले, आणि मग गावच्या घरी बोलत तसं मालवणी आलं. "मग माका कसा कळतला गो? लोकांचे हात धड. ह्याचो हात धड. उरलंस तू. तुका इचारलंय तर तू नाय म्हणतलंस." मग माझ्याकडे बघून ते पुन्हा नेहमीच्या भाषेत आले. "दोन दिवस ती नाही म्हणतेय. दोन दिवस मला माहीत आहे की खोटं बोलतेय. तेच लोशन मीही लावतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी बरी दिसत होतीस," भावोजी म्हणाले.

मी माझ्या ताटाकडे बघत होतो. ताई उठली. वॉर्डमध्ये तिचा जो आवाज असेल त्या आवाजात तिने सांगितलं, "उठा. नळाखाली धरा." ते उठले. तिने त्यांचा हात धुतला, बोट बोट वेगळं करून, आणि मग स्वतःचा धुतला. मोरीतून तिचा आवाज येत होता. "शिकलेला माणूस. कारखान्यात तपासणीला. आणि बादलीमागे बाटली लपवून हात फोडून घेतो. लोकांना सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेल का? उद्या मी मेट्रनबाईंना सांगून टाकते. द्या मला चादरी."

"नाही सांगायचं."

"मग काय दोघांनी मिळून हात सोलून काढायचे?"

"सोयाबीन बघायचं राहिलंय अजून," भावोजी म्हणाले.

मोरीतला नळ बंद झाला. मग ताई हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

सोयाबीनचा मध्यस्थ बिस्किटांच्या कारखान्यातल्या त्यांच्या एका मित्राने दिला. मधासारखा दाट, तपकिरी, वासाला कच्च्या शेंगदाण्यासारखा. "बलकात जे काम करत होतं, तेच हे," भावोजींनी सांगितलं, "फक्त झाडाचं." त्यांनी तो कोमट तिळतेलात विरघळवला, थेंब थेंब पाणी घातलं आणि रवी फिरवली. पहिल्या दोन खेपा फाटल्या. तिसरी टिकली.

त्याबरोबर ताईने घरात एक कायदा केला. लोशन स्वतःच्या हाताला स्वतः लावायचं नाही. तिने त्यांच्या, त्यांनी तिच्या. आणि विचारलं की खरं सांगायचं. मोरीतली बाटली तिने परत नेली. त्यावर भावोजींनी तडजोड मागितली, की डावा हात तरी तपासणी खात्याला द्यावा. ती अर्थातच नामंजूर झाली, पण त्यांचे हात तोवर बरे झाले नव्हते, त्यामुळे तपासणीची सोय आपोआप झाली.

संध्याकाळी दिवेलागण झाली की दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर पाटांवर बसत. मी बाहेरच्या खोलीत वाचत असायचो.

"झोंबतंय?"

"थोडं. तुम्हाला?"

"अंगठ्याला फक्त."

"खरं?"

"खरं."

मग बराच वेळ काही ऐकू येत नसे. तेव्हापासून मला त्या वेळेला खाली काहीतरी आणायला जायचं असे. काडेपेटी म्हणा, पोस्टाची पाकिटं म्हणा. आमच्याकडे त्या वर्षी काड्यापेट्या फार साठल्या.

होळीपर्यंत भेगा मिटत आल्या. एप्रिलच्या आधी मेट्रनबाईंनी ताईचे हात घेतले, बाजारात भाजी बघावी तसे उलटेपालटे केले आणि म्हणाल्या, "बरं. राहा इथेच." मग विचारलं, "काय लावतेस?" त्या दिवसापासून वॉर्डमधल्या बाकीच्या नर्सेससाठीही बाटल्या जाऊ लागल्या. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं लोशन घेऊन भावोजी स्वतः प्रसूतिगृहाच्या फाटकापर्यंत जात. वॉर्डमध्ये पुरुषांना जाता येत नाही. ते बाहेर येरझारा घालत आणि आतून एखादं रडणं ऐकू आलं की थांबत. लेलेकाकूंच्या दारातही एक बाटली त्यांनी नेऊन दिली. "सोयाबीनचं आहे. चातुर्मासात चालेल." लेलेकाकूंनी ती दोन बोटांनी घेतली, आणि मार्गशीर्षात दुसरी मागितली.

हात कायमचे बरे झाले असं नाही. दर थंडीत भेगा परतत, लोशन लावलं की आटोक्यात येत. डॉक्टर म्हणत ते खरंच होतं, काम सोडायला हवं होतं. ते भावोजींनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही तिला तसं का सांगितलं नाहीत. त्यांनी हातातली बाटली कट्ट्यावर ठेवली. "मग तिने घरी येऊन काय सांगायचं?" म्हणाले. "आज चादरी किती आल्या ते?"

श्रावणात, कारखान्यातून येताना, स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर ते गेले. चालता चालता. लोकांनी सांगितलं की दुकानाच्या फळीवर बसवलं होतं, पण ते पुन्हा उठायला बघत होते.

ताई महिन्याभराने कामावर गेली. आता थंडी पडली आहे. लोशन मी करतो. इतकी वर्षं कानावर पडून प्रमाण मला पाठ झालंय, आणि माझ्या हातचंही फाटत नाही. हे ज्यांना सांगावं ते घरात उरले नाहीत, म्हणून इथे सांगतो.

परवा संध्याकाळी ताई पाटावर बसली होती. समोरचा पाट रिकामा होता. मी काडेपेटी आणायला निघालो, तर म्हणाली, "बस." आणि हात पुढे केला. मी बसलो. नखांपाशी लावलं, बेचक्यात लावलं, भावोजी लावत तसं, बोट बोट वेगळं करून. भेगा बऱ्याच उघडल्या होत्या.

"झोंबतंय?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो नर्सचा चेहरा, त्यावरून काही कळत नाही. मग मी माझ्या हातांकडे बघितलं. माझे हात धड होते.

मी पुन्हा विचारलं.